‘लोकांनीच निवडले’ म्हणणाऱ्यांना उत्तर : ब्राउझर, एक्स्टेन्शन आणि मेरिटची भाषा

आमच्या वस्तीतल्या बुद्ध विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. तिथे देणगीतून मिळालेले तीन जुने संगणक आहेत. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरणारी, बायोडाटा टाइप करणारी पोरे-पोरी रात्री अकरापर्यंत तिथे बसतात. दोन वर्षांपूर्वी मी त्या तिन्ही संगणकांवर फायरफॉक्स टाकला, जाहिराती आणि पाळत रोखणारे एक्स्टेन्शन त्यात बसवले आणि वर दहा मिनिटांचे भाषणही ठोकले. आठ दिवसांनी गेले तर तिन्ही संगणकांवर पुन्हा क्रोम सुरू.

मी चिडले. एवढे सांगून उपयोग काय, असे बोलूनही गेले. तेव्हा एमपीएससी करणारी एक मुलगी शांतपणे म्हणाली, “ताई, तुमच्या त्याच्यात मराठी टाइप होत नाही. क्रोममध्ये वर एक बटण आहे, ते दाबलं की इंग्रजीत लिहिलेलं मराठीत येतं. ते ह्यात नाही.” तिच्या शेजारचा मुलगा म्हणाला, “आणि ताई, मी शब्दावर क्लिक केलं की अर्थ दाखवणारं टाकलेलं आहे. इंग्रजीचा पेपर त्याच्यावरच वाचतो मी. ते सोडून कसं जमेल?”

मला उत्तर देता आले नाही. या मुलांनी क्रोम निवडलाच नव्हता. त्यांनी मराठी टायपिंग निवडले होते, शब्दाचा अर्थ निवडला होता. ब्राउझर त्या सोबत आला. आणि मी त्यांना ‘प्रायव्हसी’चे प्रवचन देत होते.

मित्रांनो, तेव्हापासून ‘लोकांनी स्वतःच निवडले’ हे वाक्य ऐकले की माझे कान टवकारतात. कारण हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे.

मेरिटवाल्यांचा जुनाच दावा

जगातले साधारण दोन-तृतीयांश लोक आज गुगलचा क्रोम वापरतात. भारतात हे प्रमाण त्याहूनही बरेच जास्त आहे. यावर तंत्रज्ञानातल्या सुशिक्षित मंडळींचे ठरलेले उत्तर असते : क्रोम चांगला आहे म्हणून जिंकला. बाजार खुला आहे. फायरफॉक्स फुकट आहे, दुसरेही डझनभर ब्राउझर फुकट आहेत. कुणी कुणाचा हात धरलेला नाही. ज्याच्यात गुणवत्ता आहे तो पुढे गेला.

हे वाक्य आपण कुठे ऐकले आहे? प्रवेशाच्या रांगेत ऐकले आहे. नोकरीच्या मुलाखतीत ऐकले आहे. आरक्षणाचा विषय निघाला की दर वेळी ऐकले आहे. दार सर्वांना उघडे आहे, ज्याच्यात दम आहे तो आत येतो. दारापर्यंतचा रस्ता कुणी बांधला, त्यावर टोल कोण घेतो आणि कुणाला तो रस्ता माहीतच नाही, हे प्रश्न मेरिटवाला कधी विचारत नाही. निकाल दाखवतो आणि त्यालाच कारण म्हणतो.

मी उपमा ताणणार नाही. ब्राउझर म्हणजे जात नव्हे. क्रोम वापरल्याने कुणाला विहिरीवरून हाकलत नाहीत. पण समाजव्यवस्था कशी वाचायची याची जी शिस्त बाबासाहेबांनी आपल्याला दिली, ती इथेही चालते. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातींवरच्या निबंधात त्यांनी लोकांच्या आवडीनिवडीला कारण मानले नाही. वर्गाभोवती कुंपण कसे पडते, ते कोणत्या रीतींनी टिकवले जाते, याचा त्यांनी शोध घेतला. आपणही ब्राउझरच्या बाबतीत तोच प्रश्न विचारू : कुंपण कशाचे आहे?

माझे उत्तर आहे, ते मोठ्या प्रमाणात एक्स्टेन्शनचे आहे.

इतिहास काय सांगतो

एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडलेले छोटे साधन. मराठी टायपिंग, भाषांतर, जाहिरात रोखणे, पासवर्ड सांभाळणे, पानाचे पीडीएफ करणे, अक्षरे मोठी करणे. ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीला जे सुचले नाही किंवा परवडले नाही, ते कुणीतरी लिहितो आणि आपण जोडून घेतो. माणूस एकदा अशी चार-पाच साधने जोडून बसला की त्याचा ब्राउझर हे त्याचे घर होते. घर बदलणे म्हणजे भांडीकुंडी उचलणे आली.

गेल्या वीस वर्षांचा इतिहास बघा. २००४ साली फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररकडे नव्वद टक्क्यांहून जास्त लोक होते, कारण तो विंडोजसोबतच यायचा. त्या बलाढ्य मक्तेदारीला फायरफॉक्सने तडा दिला. टॅब होते, वेग होता, सुरक्षितता होती, पण लोकांना धरून ठेवले ते एक्स्टेन्शन्सनी. जाहिरात रोखायची तर फायरफॉक्स. वेबसाइट बनवणाऱ्याला पानाची चूक शोधायची तर फायरफॉक्स. काही वर्षांत त्याचा वाटा तीस टक्क्यांच्या आसपास पोहोचला.

क्रोम सप्टेंबर २००८ मध्ये आला तेव्हा वेगवान होता, पण त्यात एक्स्टेन्शन्स नव्हती. क्रोम चांगला आहे, पण माझी साधने तिथे नाहीत, असे म्हणून अनेक जण फायरफॉक्सवरच थांबले. गुगलला हे कळत होते. जानेवारी २०१० मध्ये क्रोमच्या स्थिर आवृत्तीत एक्स्टेन्शन्सची सोय आली आणि ती अडचण संपली.

मायक्रोसॉफ्टचा धडा तर याहून स्पष्ट आहे. २०१५ मध्ये विंडोज १० सोबत एज ब्राउझर आला. कोट्यवधी संगणकांवर तो आधीच बसवलेला होता. पण सुरुवातीला त्यात एक्स्टेन्शन्सच नव्हती. ऑगस्ट २०१६ मध्ये सोय आली, तरी दुकानात साधने मोजकीच होती. लोक विनोद करायचे, एज हा क्रोम डाउनलोड करायचा ब्राउझर आहे. शेवटी डिसेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की आपले इंजिन सोडून आम्ही गुगलच्या क्रोमियमवर एज उभा करू. जानेवारी २०२० मध्ये तो आला आणि त्यात थेट क्रोमच्या दुकानातली एक्स्टेन्शन्स टाकता येऊ लागली. वेबसाइट नीट न दिसणे हेही त्यामागचे मोठे कारण होते. पण एक गोष्ट पक्की झाली. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीलाही लोकांना आपल्याकडे आणायचे तर दुसऱ्याच्या दुकानाची किल्ली मागावी लागली.

आता मेरिटवाल्यांना विचारते, मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीला जिथे ‘खुल्या बाजारात’ स्वतःच्या बळावर टिकता आले नाही, तिथे आमच्या अभ्यासिकेतली मुलगी ‘मुक्तपणे निवड करते’ असे कोणत्या तोंडाने म्हणता?

दुकानाचा मालक नियम बदलतो तेव्हा

इथपर्यंतची गोष्ट सवयीची आणि सोयीची होती. पुढची गोष्ट सत्तेची आहे.

गुगलच्या मूळ कंपनीचे सुमारे तीन-चतुर्थांश उत्पन्न जाहिरातींतून येते. जगातला सर्वांत मोठा ब्राउझर त्याच कंपनीचा. त्या ब्राउझरला जोडायच्या साधनांचे दुकानही तिचेच. आणि त्या दुकानातल्या सर्वांत लोकप्रिय साधनांपैकी एक होते जाहिराती आणि पाळत रोखणारे यूब्लॉक ओरिजिन. रेमंड हिल या प्रोग्रामरने सुरू केलेले, फुकट, मुक्त स्रोताचे. केवळ क्रोमवर त्याचे तीन कोटींहून अधिक वापरकर्ते होते.

गुगलने एक्स्टेन्शनसाठी नवी नियमावली आणली. तिचे नाव मॅनिफेस्ट व्ही-३. तिच्यातला एक बदल साध्या भाषेत समजून घेऊ. आधी ब्राउझर कुठलीही गोष्ट इंटरनेटवरून आणण्याआधी एक्स्टेन्शनला विचारायचा, ‘ही येऊ देऊ का?’ एक्स्टेन्शन त्या क्षणी बघून हो किंवा नाही म्हणायचे. म्हणजे दारावर आपला माणूस उभा होता. नव्या नियमात आपल्या माणसाने नको असलेल्यांची यादी आधीच लिहून द्यायची, त्या यादीलाही मर्यादा, आणि दारावर उभा राहणार घरमालकाचा रखवालदार. यादीत नाव आहे की नाही हे तो बघणार.

गुगल म्हणते हे सुरक्षिततेसाठी आणि वेगासाठी केले. या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही, त्याबद्दल पुढे बोलते. पण २०२४ च्या जूनपासून जुनी एक्स्टेन्शन्स टप्प्याटप्प्याने बंद व्हायला लागली आणि २०२५ मध्ये क्रोममधून त्यांचा आधारच काढून टाकला गेला. जुने यूब्लॉक ओरिजिन क्रोमवर संपले. त्याची ‘लाइट’ आवृत्ती राहिली, जी कमी गोष्टी करू शकते. फायरफॉक्सने मात्र जुनी पद्धत चालू ठेवली.

मग काय झाले? काही लोक फायरफॉक्सकडे गेले, काही ब्रेव्हकडे गेले, कारण ब्रेव्हमध्ये जाहिरात रोखणे ब्राउझरमध्येच आहे. पण बहुसंख्य जागेवरच राहिले. कारण त्यांची बाकी चार एक्स्टेन्शन्स अजून क्रोमवर होती. एक साधन गेले म्हणून कुणी घर सोडत नाही. मालकाला हे बरोबर माहीत असते. कुंपण हळूहळू आत सरकवले की आतल्या माणसाला ते जाणवतही नाही.

फायरफॉक्सवालेही सोवळे नाहीत

इथे काही जण टाळ्या वाजवतील आणि म्हणतील, म्हणजे फायरफॉक्स वापरा, प्रश्न मिटला. थांबा. आपल्याला नवा देव बसवायचा नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सने स्वतःची जुनी एक्स्टेन्शन व्यवस्था मोडून क्रोमशी मिळतीजुळती नवी व्यवस्था आणली. तांत्रिक कारणे होती, पण एका आवृत्तीत हजारो जुनी साधने निकामी झाली. वर्षानुवर्षे निष्ठेने राहिलेले लोक म्हणाले, माझी साधने गेलीच आहेत, तर क्रोमच का नको? म्हणजे ज्या धाग्याने माणसे बांधलेली होती तो धागा फायरफॉक्सने स्वतःच्या हाताने सैल केला.

मे २०१९ मध्ये तर फायरफॉक्सच्या बाजूने एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातल्या वापरकर्त्यांची जवळपास सगळी एक्स्टेन्शन्स एका रात्रीत बंद पडली. टोर ब्राउझर फायरफॉक्सवर उभा आहे. आपली ओळख लपवावी लागणारे पत्रकार आणि कार्यकर्ते तो वापरतात. त्यातले संरक्षण देणारे नोस्क्रिप्ट हे एक्स्टेन्शनही त्या घोळात बंद पडले. चांगल्या हेतूची संस्था असली तरी सगळ्या किल्ल्या एका जुडग्यात असल्या की काय होते, त्याचे हे उदाहरण. शिवाय मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग कुठून येतो? गुगलला आपले पूर्वनिश्चित सर्च इंजिन ठेवण्याच्या करारातून.

आणि आपल्या देशातला ‘स्वदेशी’ गजर? केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय ब्राउझर बनवण्याची स्पर्धा जाहीर केली. मार्च २०२५ मध्ये झोहो कंपनीला एक कोटीचे पहिले बक्षीस मिळाले. झोहोचा ‘उला’ ब्राउझर कशावर उभा आहे? क्रोमियमवर. त्यात चूक काही नाही, ते इंजिन मुक्त स्रोताचे आहे. पण तिरंगा लावला म्हणून पायाचा मालक बदलत नाही, एवढे तरी भक्तमंडळींनी ध्यानात घ्यावे.

ज्यांना एक्स्टेन्शनच मिळत नाही, त्यांचे काय?

आतापर्यंतची सगळी चर्चा संगणकाची झाली. आता आपल्या माणसांकडे या. आपल्या वस्तीत लॅपटॉप किती घरांत आहे? मोबाईल मात्र घरोघरी आहे. आणि तो बहुतेक वेळा अँड्रॉइडचा, त्यात क्रोम आधीच बसवलेला. मोबाईलवरच्या त्या क्रोममध्ये संगणकासारखी एक्स्टेन्शन्स टाकता येत नाहीत. म्हणजे ज्याच्याकडे लॅपटॉप आहे त्याचे इंटरनेट वेगळे आणि ज्याच्याकडे फक्त मोबाईल आहे त्याचे इंटरनेट वेगळे.

लॅपटॉपवाला जाहिरात रोखतो, पाळत रोखतो, स्वच्छ पान वाचतो. मोबाईलवाली तेच पान उघडते तेव्हा अर्धा पडदा जाहिरातीने भरलेला असतो, खोटे ‘डाउनलोड’ बटण खऱ्यापेक्षा मोठे असते, आणि या सगळ्या कचऱ्याचा डेटा तिच्याच रोजच्या दीड जीबीतून जातो. वाचायचे कमी, भरायचे जास्त.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीने भरतीचा निकाल बघायला एक साइट उघडली. तिथल्या जाहिरातीत ‘नवीन भरती, अर्ज करा’ असे बटण होते. दाबले. पुढचे पान हुबेहूब सरकारी वाटावे असे. तिने साडेसहाशे रुपये फी भरली. ते पैसे तिच्या आईने धुणीभांडी करून दिलेले होते. अर्ज कुठेच गेला नाही. साधे जाहिरात रोखणारे साधन तिच्या फोनवर असते, तर ते बटण तिच्या नजरेस पडण्याची शक्यता फार कमी होती. सायबर पोलिसांकडे तक्रार करून आलो. त्या मुलीने नंतर मला विचारले, “ताई, चूक माझीच ना?” 

नाही ग बाई, चूक तुझी नाही. दारावर तुझा माणूस उभा करायची सोयच तुला कुणी दिली नव्हती.

समाजशास्त्रात याला डिजिटल दरी म्हणतात. हा शब्द मला अपुरा वाटतो. दरी म्हटले की एका बाजूला इंटरनेट असलेले आणि दुसऱ्या बाजूला नसलेले, असे दोनच गट डोळ्यांपुढे येतात. इथे तर एकाच इंटरनेटच्या पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर साधने, मधल्या पायरीवर थोडी, खालच्या पायरीवर नुसती जाहिरात. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे शिकवायला नको.

आणि यात ‘निवडीचा’ दावा किती पोकळ आहे हे आपल्याच देशातल्या संस्थेने लिहून ठेवले आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १३३७.७६ कोटींचा दंड केला. अँड्रॉइडमधल्या वर्चस्वाचा गैरवापर हा त्यातला ठपका होता आणि मोबाईल ब्राउझरच्या बाजारात क्रोमचे स्थान राखण्यासाठी प्ले स्टोअरच्या ताकदीचा उपयोग केला, हेही त्यात होते. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने काही निर्देश रद्द केले, पण दंड कायम ठेवला. म्हणजे ‘लोकांनीच निवडले’ हे फक्त आम्हा चळवळवाल्यांनाच पटत नाही असे नाही.

यावर कुणी म्हणेल, सेटिंगमध्ये जाऊन दुसरा ब्राउझर टाकता येतो की. येतो. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदावर खुले झाले होते. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठरावही केला होता. तरी २० मार्च १९२७ पर्यंत चवदार तळ्याचे पाणी आपल्या ओंजळीत आले नाही. त्या पाण्याची आणि ब्राउझरची तुलना मी करत नाही, ती करूही नये. पण महाडने शिकवलेला धडा विसरूही नये. कागदावरची मुभा आणि हातातली मुभा यांच्यात जे अंतर असते, ते संघटितपणे चालूनच कापावे लागते.

आपल्याच माणसांचे तीन आक्षेप

पहिला आक्षेप : हे लॅपटॉपवाल्यांचे चोचले आहेत, अत्याचाराच्या घटना घडत असताना ब्राउझरवर काय बोलता? या कार्यकर्त्यांना माझा सवाल आहे. तुमचे सभेचे नियोजन कशावर होते? पीडित कुटुंबाची कागदपत्रे तुम्ही कुठून पाठवता? भीमा कोरेगाव प्रकरणातल्या एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून मालवेअर घुसवून फायली पेरल्या गेल्या, असा अहवाल अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ मध्ये दिला. तो हल्ला एक्स्टेन्शनमधून झाला नव्हता. पण कार्यकर्त्याचा संगणक हीसुद्धा लढाईची जागा आहे, हे त्यानंतर तरी आपल्याला कळायला हवे.

दुसरा आक्षेप : एक्स्टेन्शन्सच धोकादायक असतात. हे खरे आहे, आणि गुगलच्या म्हणण्यातले तथ्य इथेच आहे. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचे लोकप्रिय एक्स्टेन्शन मूळ निर्मात्याने २०२० मध्ये दुसऱ्याला विकले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक कोड असल्याचे सांगून गुगलने ते काढून टाकले. लाखो लोकांना मालक बदलल्याचा पत्ताही नव्हता. ‘सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगी आपण न वाचता देतो. म्हणजे व्हॉट्सॲप वेबवरचे सगळे ग्रुप, सगळे ईमेल त्याच्या समोर उघडे. साधनांची वर्णने बहुधा इंग्रजीत, आणि आपली पोरे ‘ॲड’ दाबून मोकळी होतात. पण यावर इलाज म्हणून सगळ्या किल्ल्या मालकाकडे देणे हा शहाणपणा नाही. विहिरीत विष टाकणारे असतात म्हणून विहीर पाटलाच्या वाड्यात हलवत नाहीत. विहिरीवर पहारा ठेवतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो : जाहिरात रोखली तर आपल्याच आंबेडकरी यूट्यूब चॅनेल्सनी, पोर्टल्सनी जगायचे कसे? प्रश्न बरोबर आहे. पण जाहिरातीच्या पैशावर आपला आवाज सोपवण्याचा अनुभव आपल्याला जुना आहे. १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा ‘केसरी’ने पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला नकार दिल्याचे धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदवले आहे. जाहिरातीची जागा ज्याच्या ताब्यात, त्याची मर्जी चालते. तेव्हा संपादकाची मर्जी होती, आज अल्गोरिदमची आहे. आपल्या पोर्टलवर जाहिरातीला मुभा द्यायची असेल तर त्या साधनात तेवढ्या साइटपुरती सूट देता येते. पण खरा मार्ग वर्गणीचा आहे. चौदा एप्रिलच्या डीजेला घरटी पाचशे निघतात, तर आपल्या चांगल्या पोर्टलला वर्षाला शंभर निघायला हरकत नाही.

मग करायचे काय

नुसती टीका करून उठायचे नसते. आमच्या अभ्यासिकेत आम्ही जे केले आणि जे करायचे ठरवले आहे, ते सांगते.

एक, ज्या गरजेसाठी आपण ब्राउझरला बांधले गेलो, ती गरज ब्राउझरच्या बाहेर काढायची. मराठी टायपिंगसाठी एक्स्टेन्शन लागतच नाही. विंडोजमध्येच इन्स्क्रिप्ट कळफलक आहे, आणि २०१९ पासून रोमन अक्षरे टाइप करून मराठी उमटवणारा फोनेटिक कळफलकही आहे. एकदा चालू केला की प्रत्येक ब्राउझरमध्ये आणि वर्डमध्येही मराठी येते. आम्ही हे तिन्ही संगणकांवर केले. त्याच मुलीने दोन दिवसांत फायरफॉक्स उघडला. या वेळी मी भाषण केले नव्हते.

दोन, मोबाईलवर फायरफॉक्स टाका. डिसेंबर २०२३ पासून अँड्रॉइडच्या फायरफॉक्सवर शेकडो एक्स्टेन्शन्स खुली झाली आहेत आणि यूब्लॉक ओरिजिन तिथे पूर्ण ताकदीने चालते. क्रोम काढायची गरज नाही. बातम्या, निकाल, भरतीच्या साइट फायरफॉक्समध्ये उघडा, एवढीच सवय. फोन हातात घेऊन करून द्यायला एका माणसाला पाच मिनिटे लागतात. जयंतीच्या मंडपात रक्तगट तपासणीच्या टेबलाशेजारी हेही एक टेबल लावा.

तीन, महिन्यातून एकदा आपल्या ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्सची यादी उघडा. जे वापरत नाही ते काढा. ज्याचा मालक माहीत नाही, ज्याला गरजेपेक्षा जास्त परवानगी दिली आहे, ते काढा. चळवळीची कागदपत्रे आणि व्हॉट्सॲप वेब अशा ब्राउझरमध्ये उघडा जिथे फारतर एखादे विश्वासाचे एक्स्टेन्शन आहे.

चार, पुणे, हैदराबाद, बंगळुरूच्या आयटी कंपन्यांत बसलेल्या आपल्या भावा-बहिणींना हे आवाहन आहे. तुम्ही आमच्या पिढीचे पे बॅक टू सोसायटी आहात. आज एकच एक्स्टेन्शन थोड्या बदलांनी क्रोम, एज आणि फायरफॉक्स तिन्हींवर चालते. मराठीत अर्थ दाखवणारे, सरकारी इंग्रजी जीआर सोप्या मराठीत समजायला मदत करणारे, भरतीची खोटी साइट ओळखून इशारा देणारे साधन लिहा. मुक्त स्रोतात लिहा, म्हणजे उद्या एकाने विकले तरी दुसरा ते चालवू शकेल. आणि ते तिन्ही दुकानांत ठेवा. आपले साधन एकाच दुकानात राहिले तर आपणच आपल्या माणसांभोवती कुंपण घातले असे होईल.

पाच, सरकारला जाब विचारा. केंद्राचे ई-गव्हर्नन्ससाठीचे खुल्या मानकांचे धोरण २०१० पासून आहे. तरीही शिष्यवृत्तीचे, दाखल्याचे, भरतीचे पोर्टल एखाद्याच ब्राउझरमध्ये नीट चालत असेल, तर माहिती अधिकारात अर्ज टाका : ही अट कुणी घातली, कोणत्या धोरणाने घातली, तपासणी कोणत्या ब्राउझरांवर केली? फॉर्म अडकला म्हणून ज्याची शिष्यवृत्ती बुडते तो मुलगा कुणाचा असतो, हे मी सांगायला नको.

यातली एकही गोष्ट क्रांती नाही, मला माहीत आहे. पण ‘तुम्हीच निवडले, आता भोगा’ असे म्हणणाऱ्यांना उत्तर देताना हातात काहीतरी असावे लागते. आमच्या अभ्यासिकेत आता दोन्ही ब्राउझर आहेत. कोण काय उघडते याची मी चौकशी करत नाही. मराठी दोन्हीकडे येते, शब्दाचा अर्थ दोन्हीकडे दिसतो, जाहिरात कुठे कमी आहे हे पोरांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. आता ती जे उघडतात, त्याला मी निवड म्हणायला तयार आहे.

मेरिटवाल्यांनीही आधी एवढे करून दाखवावे. मग निकालाबद्दल बोलू.

जय भीम!